संत्र्याच्या सालीचा पाक

सूनबाईनं उटण्यासाठी संत्र्याच्या साली गच्चीत वाळत घातल्या, की मी आत निघून येते. तो वास मला सक्करदऱ्याच्या जुन्या घरात, आईच्या खाटेपाशी नेऊन उभं करतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बी.फार्म.ला होते. कडू औषधाची चव संत्र्याच्या सालीच्या पाकात लपवतात, हे आम्हाला नुकतंच प्रॅक्टिकलला शिकवलं होतं. आईचं दुखणं हाताबाहेर गेलेलं. औषध तोंडात जाताच ती ओकून टाकायची. मी घरीच साली उकळून पाक केला, औषधात मिसळला आणि चमचा तिच्या ओठांशी नेला. तिनं तो सावकाश गिळला.

"आता कडू नाही लागून राहिलं वं," ती म्हणाली. "शिकली माझी पोरगी!"

मी हरखून स्वयंपाकघरात आले आणि चमचा धुण्याआधी सहज चाटला. औषध कडूजहर होतं, पहिल्यासारखंच.

तिच्या जिभेची चवच गेली होती, की तिनं माझं मन राखलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. संध्याकाळी मी पुन्हा चमचा भरला. माझ्याकडे बघून ती हसली, आणि तिनं आपणहून तोंड उघडलं.