बिनकामाचा चाकू

अक्काचा फोन आला तेव्हा मी बीडच्या एका दुकानात ताडपत्री उजेडाकडे धरून भोकं बघत होतो. ताडपत्री कशी घ्यायची हे दाजींनीच बजावलं होतं. जाड नको, पाठीवर जड होते. पातळ नको, काट्याला लागली की फाटते. एवढ्या अटी घालणारा माणूस त्याच सकाळी अंगणातल्या खुर्चीवर चहाची वाट बघत बसल्या बसल्या गेला होता. "आरं, ह्ये उठंनातच..." एवढंच अक्का म्हणाली. मी ताडपत्री तशीच गल्ल्याजवळ टाकली आणि धारूरची एसटी पकडली. त्याला आता महिना उलटून गेला, पण त्या दुकानावरून जाताना मी अजून रस्ता बदलतो.

भानुदास दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धारूरजवळच्या खेड्यात शाळामास्तर. मी बीडला कोर्टात कारकून. मेहुण्याचं आणि दाजींचं नातं मुळातच चेष्टेचं, आणि आम्ही ते इमानेइतबारे निभावलं. ते मला नावानं कधी हाक मारायचे नाहीत, कायम 'पाव्हणं'. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी निघायची, आणि पोरगंही बैलगाडीत बसून कारखान्याच्या तळावर जायचं. उसाच्या पाचटाची कोपी म्हणजे झोपडी, तिच्या फटीतून येणारं थंडगार वारं, आणि आई पहाटे उठून फडात गेली की रिकामं पडलेलं अंथरूण... हे सगळं ते सांगायचे, पण कुरकुर म्हणून नाही. पुढे शिकले, नोकरी लागली, स्लॅबचं घर बांधलं. आणि पन्नाशी ओलांडल्यावर या माणसाला एकच गोष्ट हवीशी वाटू लागली. धारूरच्या डोंगरात एक रात्र उघड्यावर काढायची.

मी हसलो होतो. म्हटलं, "दाजी, जन्मभर छपरासाठी धडपडलात, आता कशापायी उघड्यावर जायचं?"

"उघड्यावर लई निजलो, पाव्हणं," ते म्हणाले. "पर सौताच्या मर्जीनं एकदाबी न्हाई."

त्यानंतर मी त्या विषयावर चेष्टा केली नाही. म्हणजे, फारशी केली नाही.

तयारी चाकूपासून सुरू झाली. शाळा सुटल्यावर ते मोबाइलवर जंगलात राहणाऱ्या परदेशी लोकांचे व्हिडिओ बघायचे. एक चाकू घेऊन ती माणसं लाकूड फोडतात, विस्तव पेटवतात, खुंट्या तासतात. त्याला बुशक्राफ्ट म्हणतात हे मला दाजींनीच शिकवलं, आणि तो शब्द ते अशा थाटात उच्चारायचे की अक्का पदर तोंडाला लावून हसायची. मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्यांच्या वडिलांचा कोयता टांगलेला होता, पुन्हा पुन्हा धार लावून पातं झिजून जेमतेम अर्धं उरलेला. म्हटलं, "ह्यो हाय की घरात. ह्याच्यानं झाड पडतंय, तुमची खुंटी तासायची न्हाई व्हय?"

"त्यो पोटासाठी हाय," दाजी म्हणाले. "हातात घेतला की पाठ दुखाया लागती. मला बिनकामाचा चाकू पायजे."

पण हा बिनकामाचा चाकू निवडायला त्यांनी जी मेहनत घेतली ती लोक सोयरीक जमवतानाही घेत नाहीत. मिटणारा चाकू पहिल्या फेरीतच बाद झाला. सगळा भार एका खिळ्यावर, खिळा ढिला झाला की बोट गेलं. पातं तळहाताएवढंच हवं, त्याहून लांब म्हणजे नुसती ऐट. पोलाद मुठीतून थेट शेवटपर्यंत गेलेलं हवं. पात्याची पाठ काटकोनात हवी, म्हणजे चकमकीच्या कांडीवर घासली की ठिणगी पडते. न गंजणारं पोलाद बिनघोर, पण गंजणाऱ्याला साध्या दगडावरही धार येते. मग तेलपाणी करायचं आपण. परदेशी चाकूंच्या किमती ऐकून अक्कानं हात जोडले, तेव्हा स्वस्तात चांगला शोधायचा असं ठरलं आणि काम आणखीनच लांबलं.

पहिला चाकू मीच बीडहून आणला होता, शिसवी मुठीचा, दिसायला देखणा. अंगणात बाभळीच्या फाट्यावर पातं ठेवून दाजींनी वरून दांडक्यानं दोन ठोके दिले, तर मूठ हातात आणि पातं लाकडात. आत पोलादाचं नुसतं शेपूट होतं. मी ओशाळलो, पण दाजी खूश! "बरं झालं, हितंच कळलं. डोंगरात निघाली असती म्हंजे?" मग बाजारातल्या लोहारानं ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून पातं ठोकून दिलं. ते मजबूत होतं, पण हातात तोलून दाजी म्हणाले, ह्यो तर कोयत्याचाच भाऊ, आणि परत देऊन आले. शेवटी पार्सलानं एक आला. काळी प्लॅस्टिकची मूठ, प्लॅस्टिकचंच म्यान, रूप काही नाही. दाजींनी अंगठ्याच्या नखावर धार पारखली, मूठ ओल्या हातात धरून बघितली आणि मान डोलावली. मी लगेच बाभळीचा फाटा आणला, तर म्हणाले, "ह्येची परीक्षा डोंगरात. हितं न्हाई."

आणि मग आम्ही गेलो नाही.

कारणं सगळी खरी होती. कधी परीक्षा, कधी शाळेची तपासणी, कधी माझ्या कोर्टातली गडबड, कधी पाऊस, कधी ऊन. एकदा तर पिशव्या भरून झाल्या आणि त्या बाजूला बिबट्या दिसल्याची बातमी आली. अक्कानं दारात आडवा हात लावला. शिवाय चाकूनंतर दोरी निवडायची होती, दोरीनंतर भांडं, आणि मग ताडपत्री. आता वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस गरज नसलेली गोष्ट करायला निघाला होता, आणि ती चुकू नये म्हणून इतका जपत होता. पोटासाठीची कामं त्यानं कधी अशी टाळली नसती. त्यांना रजा पुरत असे ती दुसऱ्यांच्या लग्नांना, दवाखान्यांना. स्वतःच्या मर्जीची एक रात्र तेवढी मागे मागे सरकत राहिली. याचं मला फार वाईट वाटतं. माणूस जाणं कुणाच्या हातात नसतं, पण डोंगर तर घरातून दिसत होता.

तोवर चाकूचा घरात संसार सुरू झाला. दर रविवारी दाजी त्याला तेल लावत. आधी करडईचं लावलं तर पातं चिकट झालं, म्हणून अक्काच्या खोबरेल तेलाच्या बाटलीवर हक्क सांगितला. दसऱ्याला कोयत्याच्या शेजारी त्याचीही पूजा व्हायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल. मी म्हणायचो, "दाजी, यानं अजून काकडीसुद्धा कापली न्हाई, पूजा कशाची?" ते म्हणायचे, "कापंल की. येळ आल्यावर."

आमच्याकडे धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतात. देणारा खाली ठेवतो, घेणारा उचलतो. शेवटच्या भेटीत दाजींनी म्यानासकट चाकू ओट्यावर ठेवला. येणारा शनिवार नक्की झाला होता, राहिली होती फक्त ताडपत्री. "उचला," म्हणाले, "तुमच्या पिशवीत ऱ्हाऊ द्या. मी ऐन टायमाला इसरंन." मी म्हटलं, "तुमचा चाकू, तुमीच आणा. डोंगरात गेल्यावर उचलतो." ते हसले, आणि चाकू पुन्हा फडताळात गेला.

तेराव्यानंतर निघायच्या वेळी अक्कानं मला थांबवलं. फडताळातून चाकू काढला, पदरानं पुसला आणि माझ्यासमोर फरशीवर ठेवला. "घिऊन जा. त्यांनी तुलाच दिला हुता," म्हणाली. मी खाली बसलो आणि पातं म्यानातून ओढलं. खोबरेल तेलाचा वास आला. मुठीजवळच्या खाचेत दसऱ्याची हळद होती. धार पहिल्या दिवशी होती तशीच, पात्यावर एक ओरखडा नाही. समोर भिंतीवर तो कोयता होता, अर्धा झिजलेला.

"कसा जपलाय बघ," अक्का कौतुकानं म्हणाली. "नवाकोरा हाय अजून."

मी चाकू म्यानात घातला, आणि दाजी गेल्यापासून पहिल्यांदाच मला रडू आवरलं नाही.