सासऱ्यांसाठी ग्लुकोज

चिठ्ठीवर मिठाच्या पाण्याच्या बाटल्या लिहिल्या होत्या आणि मी ग्लुकोजच्या घेऊन आलो. चुकून नव्हे, चांगला विचार करून. मेडिकलवाल्याने विचारलंही, "काका, चिठ्ठीत हे नाहीये. कोणी सांगितलं?"

"मीच सांगतोय. पेशंट अशक्त आहे."

पनवेलात आमच्या पिढीची ती श्रद्धाच होती. ताप असो, जुलाब असोत, ग्लुकोजची बाटली चढली की माणूस तरतरीत. इथे तर सासऱ्यांच्या मेंदूत गाठ होती आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. गाठीपायी त्यांचा डावा हात निकामी होत चालला होता. चहाचा कप धरला की अंगावर सांडायचा. हात परत येईल का, यावर सर्जन नुसतं "बघू" म्हणाले होते. अशा माणसाला मीठपाणी? जावई म्हणून मला ते कमीपणाचं वाटलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई संध्याकाळी खोलीत आल्या आणि पिशवीत डोकावल्या. "हे कोणी आणलं?"

मी हौसेने पुढे झालो. "मी. ताकदीसाठी."

बाई शांतपणे खुर्ची ओढून बसल्या. असे जावई त्यांना नवे नसावेत. "यातली साखर शरीर वापरून टाकतं. मागे उरतं साधं पाणी. ते मेंदूत शिरतं, मेंदू सुजतो. कवटी हाडाची, पँटची कंबर सैल करावी तशी ती करता येत नाही. सर्जनला आत हात घालायला जागा उरत नाही. रक्ताइतकंच खारट पाणी दिलं, की ते तसं आत शिरत नाही."

कंबरेचा विषय निघताच मी पोट आत घेतलं. "मग पाणी कमीच द्या ना."

"कमी दिलं तर बीपी पडेल, मेंदूला रक्त पुरणार नाही. तेवढं माझ्यावर सोडा."

सासरे डोळे मिटून ऐकत होते. त्यांची उभी हयात उरणकडच्या मिठागरात गेलेली. "जावयबापू, आमी मिठावर घर बांधलं, पोरी उजवल्या. साखर तुमी घरी न्या, सरबत करा."

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी बदलून आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. "मेंदू सुजला नाही, छान मऊ राहिला. गाठ निघाली. हाताचं ते शुद्धीवर आल्यावर कळेल."

मी हात जोडले. बायकोने मात्र फक्त शेवटचं वाक्य ऐकलं होतं. ती बाकावरून उठलीच नाही.

आयसीयूत एकालाच सोडणार होते. मी बायकोला पुढे करून मागे सरलो, हे त्या दोन दिवसांतलं माझं एकमेव शहाणपण. ती आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. बाहेर आली ती मनगट चोळत. माझ्या शेजारी टेकली.

"डाव्या हाताने धरलं मला," ती म्हणाली. "जोर कमी आहे अजून. पण सोडेनात. शेवटी सिस्टरलाच म्हणावं लागलं, आजोबा, लेकीला जाऊ द्या आता."