सावळीरामकाकांचं काळवीट

हरणाची शिकार करणारा माणूस शूर असतो असं ज्याला वाटतं, त्यानं माझ्या सावळीरामकाकांना एकदा बघायला हवं होतं. चार पावलं भरभर चालले की त्यांना धाप लागायची. न्हाणीत पाल दिसली तर मालनकाकूला हाक जायची. पण द्वारका चौकातल्या चहाच्या हॉटेलात बाकावर मांडी ठोकून बसले, की ऐकून घ्या. येवल्याकडच्या माळावर काळवीट कसं हवेत उडालं, काकांनी गुडघा टेकून कशी गोळी झाडली, एका गोळीत ते कसं कोसळलं. हरणाला हात लावला तर तुरुंग, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून हॉटेलात ते काळवीट म्हणत नसत. "लांब शिंगांचा बोकड" म्हणायचे आणि डोळा मारायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत शिंगांच्या पाच जोड्या होत्या. दसऱ्याला त्यांना झेंडूच्या माळा घालायचे, बंदुकीला कुंकू लावायचे. बंदुकीचा परवाना पिकाच्या राखणीसाठी म्हणून काढलेला. आमचं पीक म्हणजे मखमलाबादच्या मळ्यातली शेवंती, झेंडू आणि कोथिंबीर. आता शेवंती खायला कोणता वाघ येणार होता, ते काकांनाच माहीत!

तो मळा अर्धा माझ्या वडिलांचा. मी चौथीत असताना वडील गेले. तेव्हा काका आईला म्हणाले, "वहिनी, बाईमाणसाचं नाव कशाला पायजे उताऱ्यावर? जीवन मोठा झाला का त्याच्या नावावर करतो." आई हो म्हणाली. तेव्हापासून ती उजाडायच्या आत मळ्यात जाऊन फुलं तोडायची आणि काका ती जीपमधून बाजारात न्यायचे. मी दहावी झालो, तरी काकांच्या लेखी मोठा झालो नाही. डिप्लोमा झाला, पिंपळगाव बसवंतला कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी लागली, तरी नाही. दर दसऱ्याला आईचं तेच विचारणं आणि काकांचं तेच उत्तर, "औंदा करू, वहिनी."

दोन हजार एक सालच्या हिवाळ्यात त्यांनी नवीनच टूम काढली. "माझ्यासंगं शिकारीला चल. एक काळवीट पाड. मर्दासारखा मर्द झालास का दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं जाऊ."

"काका, त्याला बंदी आहे," मी म्हणालो.

"बंदी एस्टीत बिडी वढायलाबी हाय. लोक वढत्यात का नाय?"

मला जायचं नव्हतं. पण आईनं रात्रीच भाकऱ्या थापून ठेवल्या. "जा," ती म्हणाली. "हरीण काय, त्यानं वाघ मार म्हणलं तरी जा. तुझ्या बापाची जमीन हाय ती." पंधरा वर्षं वाट बघितलेल्या बाईपुढे मी काय बोलणार?

येवल्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून जीप माळावर घातली. एका खोपटापाशी लहानू नावाचा राखणदार उभाच होता. काकांनी मागच्या सीटवरची पिशवी काढली. मला वाटलं काडतुसं असतील. पिशवीत गूळ होता.

"गूळ कशाला?" मी विचारलं.

"गप बस. बघत रहा."

लहानूनं बाभळीकडे तोंड करून हाक मारली, "ये राजा, ये!" आणि बाभळीआडून खरंच एक काळवीट चालत आलं. धावत नाही, बिचकत नाही, गोठ्यातलं वासरू येतं तसं. पाठ नुकतीच काळी पडायला लागलेली, शिंगांना दोनच पीळ. मानेवर दोरीचा करकोचा होता, तिथले केस गेलेले. ते लहानूला ओलांडून थेट काकांकडे गेलं आणि त्यांच्या खिशात नाक खुपसायला लागलं.

ते काकांना ओळखत होतं.

मग लहानूनंच कौतुकानं सांगितलं. कापणीच्या वेळी रानात पाडसं सापडतात. तो ती शेळीच्या दुधावर वाढवतो. काका महिन्या-दोन महिन्यांनी येतात, स्वतःच्या हातानं गूळ भरवतात, कान खाजवतात. शिंगं धरली, की एक दिवस बंदूक घेऊन येतात. "शेठचा लय लळा लागतो त्यांना," तो म्हणाला. भिंतीवरच्या पाचही जोड्यांची कथा हीच होती.

शिकार वाईट हे मला माहीत होतं. पण हे शिकारही नव्हतं. याला मराठीत काय म्हणतात ते मला आजही सांगता येत नाही.

काकांनी बंदूक माझ्या हातात कोंबली. "हाण. हातभरावर हाय. आंधळ्याचाबी नेम चुकायचा नाय."

काळवीट माझ्याकडे आलं. त्यानं माझा तळहात चाटला. जीभ खरखरीत आणि गरम होती. मी बंदूक वर केली आणि आभाळात गोळी झाडली. पळ, पळून जा एकदाचं, एवढंच मला वाटत होतं.

ते उडी मारून पळालं खरं. पंधरा-वीस पावलं गेलं, थांबलं, थरथरत मागं वळलं. आणि परत आलं. माझ्यापासून लांबून वळसा घालून काकांच्या पायांमागे जाऊन उभं राहिलं.

"बायकी कुठला," काका मला म्हणाले. त्यांनी बंदूक हिसकावली. दुसरी नळी भरलेलीच होती. "ये बाळा, ये, भिऊ नको," असं म्हणत त्यांनी गुळाचा खडा मातीत टाकला. त्यानं मान खाली घातली आणि काकांनी गोळी घातली. ते पडलं तेव्हाही त्याचा जबडा हलत होता. तोंडात गूळ होता.

मग काकांनी आपलं उपरणं त्याच्या मानेवर पसरलं, करकोचा झाकला, एक पाय त्याच्यावर ठेवला आणि लहानूकडून फोटो काढून घेतला. परतीच्या वाटेवर जीप चालवताना ते बोटं चाटत होते. चिकट झाली होती म्हणे. मी विंचूरच्या अलीकडे जीप थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला ओकलो.

घरी न जाता त्यांनी जीप द्वारकेला हॉटेलापाशी लावली. नेहमीची मंडळी होतीच. काका बाकावर चढून बसले आणि सुरू झाले. बोकड केवढा, पळाला कसा, आणि शेवटी त्याला पाडला कुणी? "आमच्या जीवननं! पोरगं मर्द निघालं." मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हो म्हण. उद्याच तलाठ्याकडं जाऊ."

म्हणजे त्यांना हरीण माझ्या हातून मारून घ्यायचं नव्हतं, त्यांच्या गोष्टींना एक साक्षीदार हवा होता. फक्त "हो" म्हणायचं होतं. आईचा अर्धा मळा त्या एका शब्दावर होता. मला आईचे हात आठवले, फुलांच्या देठांनी हिरवे पडलेले. मी तोंड उघडलं, पण "हो"ऐवजी दुसरंच आलं.

"काकांनी त्याला गूळ दाखवला," मी म्हणालो. "ते पाळलेलं होतं. खाली मान घालून खात होतं." आणि सगळंच सांगून टाकलं.

एक रिक्षावाला नुसता बशीत बघत राहिला. मग हॉटेलवाल्यानं गाळणं बाजूला ठेवून विचारलं, "सावळीरामशेठ, तुमच्या चहात साखर टाकू का गूळ?"

हॉटेल हसून हसून लोळलं. काका उठले. "बापाचा वाटा इसर आता," एवढं मला म्हणाले आणि जीप घेऊन निघून गेले.

मी चालत घरी आलो. दोन दिवसांनी मार्गशीर्षातला गुरुवार होता, म्हणून दुसऱ्या दिवशी वर्षातला मोठा फूलबाजार. आई टोपल्या धुऊन ओट्यावर मांडत होती. मी तिला काहीही न लपवता सांगितलं. ती आधी माझ्यावरच भडकली. "हो म्हणला असतास तर जीभ झडली असती का? पंधरा वर्षं रे!"

ती पुन्हा टोपल्या मांडायला लागली. मांडता मांडता तिनं विचारलं, "बंदूक वाजली तरी पळालं नाय ते?"

"नाही. काकांच्याच मागं लपलं."

ती ओट्यावर बसली. "त्याला बिचाऱ्याला बंदूक म्हंजी काय ते ठाव नव्हतं," ती म्हणाली. "मला तर समदं दिसत व्हतं. औंदा करू, औंदा करू, अन् मी आपली रोज पहाटं त्याच्याच मळ्यात."

मग ती उठली आणि धुतलेल्या टोपल्या एकेक करून पालथ्या घालायला लागली. मी म्हणालो, "आई, उद्या बाजार आहे. फुलं झाडावर कुजतील."

"कुजू दे," आई म्हणाली, आणि शेवटची टोपली पालथी घातली.