गुण्याचं पहिलं गोल काम

सुताराच्या हत्यारांत गुण्या म्हणून एक हत्यार असतं. काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या. कोपरा सरळ आहे की नाही ते सांगणं एवढंच त्याचं काम. आमच्या या सुताराला सगळे गुण्याच म्हणत, आणि ते उगीच नव्हे. तीस वर्षं त्याने दारं, कपाटं, ओटे आणि शाळेची बाकं केली, पण गोल म्हणून एक वस्तू केली नाही. कुणी गोल टेबल मागितलं तर म्हणायचा, "ज्याला कोपरा नाही त्याचा भरवसा काय?" गिऱ्हाईक हसायचं आणि चौकोनी टेबल घेऊन जायचं. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसला आणि भिंतीवरची तसबीर तिरपी दिसली, तर आधी उठून ती सरळ करणार, मग घास घेणार. त्याची बायको म्हणायची, "हे झोपतातसुद्धा पलंगाला समांतर."

मोठा भाऊ अगदी दुसऱ्या टोकाचा. दादा सव्वीस वर्षं कॅसिनोत डीलर होता. म्हणजे टेबलामागे उभं राहून पत्ते वाटायचे, जिंकलेल्याला द्यायचं आणि हरलेल्याचं ओढून घ्यायचं. कडक इस्त्रीचा शर्ट, काळं जाकीट आणि खिसे शिवून टाकलेली पॅन्ट, कारण तिथे डीलरला खिसा ठेवू देत नसत. स्वतः तो आयुष्यात एक डाव खेळला नव्हता. पण गुण्याच्या लेखी सगळा जुगारच. "मी लाकडाला हात घालतो, तू लोकांच्या खिशात," असं तो एकदा भर पंगतीत बोलून गेला. दादाने शांतपणे जेवण संपवलं, हात धुतले, आणि त्यानंतर आपल्या कामाचा विषय भावासमोर कधी काढला नाही. बोलणं-चालणं होतं, येणं-जाणं होतं. पण गुण्याने त्या कॅसिनोचा उंबरा ओलांडला नाही आणि दादाने त्याला बोलावलं नाही.

निवृत्तीला वर्षही झालं नव्हतं आणि दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळू झालं, पण शाबूत राहिलं. पायात थोडी ताकद परत आली. हाताचं मात्र काही खरं नव्हतं. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्या दर वेळी सांगत, "धरून उभे राहू शकता तुम्ही. मनावर घ्या." दादा मनावर घेत नव्हता. चार महिने तो चाकांच्या खुर्चीत खिडकीजवळ बसून होता. वहिनी नेईल तिथे जायचा, वाढेल ते खायचा. तोंडाने काही मागणं त्याने सोडूनच दिलं होतं. पाणीसुद्धा मागत नसे.

शेवटी बाईंनी वहिनीला दाराबाहेर नेऊन सांगितलं, की आणखी दोन महिने हे असंच चाललं तर पाय आखडतील, मग मनात आलं तरी उभं राहता येणार नाही. "त्यांच्या हातांच्या ओळखीचं काहीतरी समोर ठेवा," त्या म्हणाल्या.

वहिनीने ते गुण्याच्या कानावर घातलं. त्याने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन दादासमोर बसला.

"दादा, तुझं ते टेबल कसं असायचं?"

"कशाला?"

"करायचंय."

"तू करणार?"

"मग काय शेजारचे येऊन करणार?"

दादाने खिडकीबाहेरची नजर वहीकडे वळवली. मग म्हणाला, "अर्धगोल असतं ते." भावाचा पडलेला चेहरा बघून तो अर्ध्या तोंडाने हसला.

गुण्याने दादाच्या घराच्या मागच्या खोलीतच काम मांडलं. खिळा ठोकला, त्याला दोरी बांधली, दोरीला पेन्सिल, आणि प्लायवूडवर अर्धा गोल काढला. काढला आणि तीनदा पुसला. कडेची पट्टी वाकवायची म्हणजे आतल्या अंगाने बोटाबोटावर करवतीचा अर्धा काप घ्यायचा. काप जास्त खोल गेला की संपलं. पहिली पट्टी मोडली, दुसरी मोडली.

"मोडली का?" बाहेरून दादाचा आवाज.

"नाही."

"आवाज आला."

"दुसरंच काहीतरी होतं," गुण्या म्हणाला आणि तिसरी घेतली.

गोल कडेवर फोम ठेवून त्याने काळं रेक्झिन ताणून बसवलं. सरळ बाजू डीलरची. दादाला कड लागू नये म्हणून तिथेही तो फोम लावायला निघाला, तर दादाने अडवलं. "डीलरकडे गादी नसते. गादी पलीकडे. हरणाऱ्याला टेकायला काहीतरी लागतं." वर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चढलं. बारा दिवसांत टेबल उभं राहिलं.

वहिनीने दादाला आत नेलं. त्याने डावा हात बनातीवरून फिरवला. "चांगली ताणलीस," तो म्हणाला. गुण्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग दादाने खाली पायांकडे बघितलं.

"उंची किती घेतलीस?"

"अठ्ठावीस इंच. तुझ्या कोपराच्या मापाने. परवा दुपारी तुझा डोळा लागला होता, तेव्हा टेप लावून घेतली."

"खुर्चीत असताना."

"हो."

दादाने हात मागे घेतला. "डीलर बसत नाही रे. सव्वीस वर्षांत मी त्या टेबलाला कधी बसलो नाही." आणि त्याने तोंड फिरवलं. 

गुण्या घरी गेला तो जेवला नाही. त्याने आजवर स्वयंपाकाचा एकही ओटा घरच्या बाईला उभं करून माप घेतल्याशिवाय केला नव्हता. काम उभ्याने असेल तर माप उभ्यानेच घ्यायचं, हे तो नव्या सुतारांना शिकवायचा. आणि सख्ख्या भावाचं माप त्याने बसल्या जागी घेतलं होतं, कारण दादा पुन्हा उठेल असं त्याला आत कुठेतरी वाटतच नव्हतं. दादाने नेमकं तेच ओळखलं होतं. गुण्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने वहिनीला विचारलं, "दादाचं उभं माप कसं काढू?"

वहिनीने कपाटातून ती बिनखिशाची पॅन्ट काढली. कमरेच्या जरा खाली, पुढच्या बाजूला कापड झिजून आडवी चकाकी आली होती. रोज टेबलाची कड तिथेच घासली होती. गुण्याने पॅन्ट जमिनीवर पसरली आणि टाचेपासून त्या चकाकीपर्यंत टेप धरली. साडेसदतीस इंच. त्याने जुने पाय काढले आणि दोन दिवसांत नवे बसवले.

टेबल दादासमोर आणून ठेवलं तेव्हा खुर्चीतून त्याला बनात नीट दिसतही नव्हती. गुण्याने वर पत्त्यांचा जोड ठेवला आणि बाजूला झाला.

"कुणाच्या मापाने?" दादाने विचारलं.

"तुझ्या पॅन्टच्या."

दादाने कडेवर डावा हात ठेवला. वहिनी एका अंगाला, गुण्या दुसऱ्या. पहिल्यांदा तो अर्ध्यातून खाली बसला. दुसऱ्यांदा उठला, आणि पोट कडेला टेकल्यावर त्याचे खांदे आपोआप मागे गेले.

"तू पलीकडे जा," तो गुण्याला म्हणाला. "खेळणारा डीलरच्या बाजूला उभा राहत नाही."

वहिनीने कमरेला घट्ट धरलं. गुण्या गोल बाजूला गेला आणि गादीवर कोपरं टेकून उभा राहिला. दादा डाव्या हाताने वाटू लागला. एक पत्ता जमिनीवर पडला, एक उलटा गेला, तिसरा मात्र बनातीवरून घसरत बरोबर गुण्याच्या बोटांपाशी येऊन थांबला. असे चार डाव झाले. गुण्या चारही हरला, आणि दर वेळी दादा त्याचे पत्ते ओढून घेत म्हणाला, "गेलास."

मग दादाने पत्ते बाजूला ठेवले. डाव्या हाताने लुळा उजवा हात उचलून टेबलावर आणला, त्यावर एक हलकी टाळी दिली, आणि दोन्ही तळवे एकेक करून उलटसुलट दाखवले. वहिनीचा चेहरा उतरला. त्याला खुर्चीत बसवता बसवता ती गुण्याला हळूच म्हणाली, "टेबल सोडताना करतात हे. हातात काही लपवलं नाही म्हणून छताच्या कॅमेऱ्याला दाखवतात. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मला दाखवलं होतं करून."

गुण्या खुर्चीपाशी वाकला. "संपलं का, दादा?"

दादाला धाप लागली होती. त्याने ती ओसरू दिली.

"डीलरला तासाला वीस मिनिटं सुट्टी असते," तो म्हणाला. "प्रत्येक सुट्टीला हात दाखवूनच जायचं." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "वीस मिनिटांनी मला उठव."

गुण्या हो म्हणाला आणि घड्याळासमोर जाऊन बसला. विसाची एकवीस होऊन चालणार नव्हतं.