बॉलवरचं नाव

"शिलाई पलीकडे, नाव माझ्याकडे," असं म्हणून तो तीन पावलं मागे आणि दोन पावलं बाजूला जाऊन उभा राहायचा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये किकर नावाचा एक प्राणी असतो. बाकीचे एकमेकांची हाडं खिळखिळी करत असताना हा बाकावर बसून असतो आणि ऐन शेवटी येऊन, दुसऱ्यानं उभ्या धरलेल्या बॉलला एक लाथ घालतो. बॉल दोन खांबांमधून गेला तर संघ जिंकतो, नाही गेला तर याची नोकरी जाते. २००१ मध्ये मिशिगनमधल्या नोव्हायला आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये तो राहायला आला, तेव्हा त्याची नुकतीच गेली होती.

वाऱ्यात एक किक हुकली. दुसऱ्या दिवशी कोचनं पार्किंगमध्ये गाडीची काच अर्धी खाली करून "बॅग भर" एवढंच सांगितलं.

"अर्धी," तो मला सांगायचा. "काच पूर्ण खाली केली असती, तर मी माफ केलं असतं."

त्या कोचचं नाव त्यानं जाड मार्करनं बॉलवर लिहिलं होतं, शिलाईच्या बरोबर उलट बाजूला. रोज सकाळी मागच्या मैदानात बॉल धरायला मी. उकिडवं बसता येणं ही माझी एकमेव पात्रता. बॉल धरायचा तारेचा स्टँड होता त्याच्याकडे, पण "स्टँडला भीती वाटत नाही, मॅचमध्ये धरणाऱ्याला वाटते," म्हणे.

अक्षराला पाय लागला की नमस्कार करायचा, हे माझ्या हाडात मुरलेलं. पहिल्या दिवशी प्रत्येक किकनंतर मी बॉल कपाळाला लावत होतो. त्यानं कारण विचारलं. अक्षरात देवी असते, मी म्हणालो. तो गंभीरपणे म्हणाला, "या नावात नाही. मी खात्री करून घेतलीय."

त्याच हिवाळ्यात माझीही नोकरी गेली. आमचा मॅनेजर मराठी, आपला माणूस. रविवारी आमच्याकडे जेवायला आला आणि बोटं चाटून तीन वाट्या श्रीखंड खाऊन गेला. सोमवारी काढायच्या लोकांच्या यादीत पहिलं नाव माझं. व्हिसाचं काय होणार, या धास्तीनं बायको बॅगा भरायला लागली. ऐकून शेजाऱ्यानं मार्कर पुढे केला. कोचच्या नावाखाली मी देवनागरीत मॅनेजरचं नाव लिहिलं. त्या दिवशी मी नमस्कार केला नाही.

पुढे मला दुसरी नोकरी मिळाली, त्याला दुसरा संघ. आणि एका रविवारी त्याचा संघ त्याच जुन्या कोचच्या संघाशी खेळला. मी आणि बायको टीव्हीसमोर. शेवटची किक त्याची. बॉल खांबांमधून गेला, संघातले सगळे आनंदानं त्याच्या अंगावर झेपावले. हा मात्र पलीकडच्या कोचकडे बघत उभा.

"हात मिळवायला आला होता," फोनवर म्हणाला. "मी हेल्मेट दोन्ही हातांनी धरून ठेवलं."

"नंतर वाईट वाटलं?"

"छान झोप लागली."

मला त्याचा हेवा वाटला. कारण आदल्याच महिन्यात, मंडळाच्या गणपतीत, मॅनेजर समोर आला तेव्हा मी हसून त्याच्या हातावर प्रसाद ठेवला होता. घरी येताना बायको गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.

चार वर्षांत त्याचा गुडघा गेला. संघानं त्याला सोडलं आणि तो बहिणीकडे लांब टेक्ससला निघून गेला. मग फोनही थांबले.

२००८ मध्ये एक खोकं आलं. आत तो बॉल. कोचचं नाव घासून पुसून टाकलेलं. त्याखालचं नाव मात्र काळंभोर, ताजं. देवनागरी न येणाऱ्या हातानं चित्र गिरवावं तसं अक्षर अक्षर गिरवलेलं, वरची रेघ शेवटी पट्टीनं ओढलेली. सोबत चिठ्ठी: "माझं झालं. तुझं राहिलंय."

मी बॉल घेऊन मागच्या मैदानात गेलो. तीन पावलं मागे, दोन बाजूला. पण बॉल आडवा पडलेला, आणि धरायला तो नव्हता.

बायको केव्हा मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं बॉल उचलला, नाव वाचलं, आणि स्वेटरच्या बाह्या सारून उकिडवी बसली.

"शिलाई कुठे असते रे?"

"पलीकडे."

तिनं नाव माझ्याकडे फिरवलं.

"मार," ती म्हणाली. "जोरात मार. श्रीखंड मी केलं होतं."