गणपतीचं दार

चेन्नईच्या वेशीवरच्या गावात आमच्या शेजारी राहणारे काका तंजावरी मराठी, पंचायतीच्या कचेरीत कारकून. मला तमिळ पद्धतीने 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या गणपतीच्या छोट्या देवळासमोर चपला काढायचे, तिकडच्या रीतीने कान धरून उठाबशा घालायचे आणि मगच कामावर जायचे. दारूचं नुसतं नाव निघालं तरी 'शिव शिव' म्हणत तोंड फिरवायचे.

जवळ सॉफ्टवेअर कंपन्या आल्या आणि समोरच्या हॉटेलाने बारचा परवाना मागितला. आम्ही निर्धास्त होतो. देवळाचं दार बारच्या दाराजवळ असलं की परवाना मिळत नाही, आणि अंतर मोजायला टेप धरणार काका!

एका सकाळी बघतो तर देवळाचं रस्त्याकडचं दार विटांनी बुजवलेलं. नवं जाळीचं दार मागच्या बोळात. गवंड्याशेजारी काका उभे.

"काका, हे काय?"

"अंतर पुरत नव्हतं की, तंबी. आता पुरतं. जरा सरक."

मी सरकलो. काकांनी चपला काढल्या, नव्या दारासमोर कान धरले आणि रोजच्याच भक्तीने उठाबशा सुरू केल्या.

जाळीतून गणपतीची पाठ दिसत होती.