हंगेरी मास्तरांचा सांदोर

आमच्या गल्लीत कुणी काही पराक्रम करून आलं, की हंगेरी मास्तरांचं दुकान टाळून मागच्या बोळातून घरी जायचं. समोरून गेलं तर मास्तर चष्म्यावरून बघणार आणि म्हणणार, "झकास. पर सांदोरनं काय केलतं ठावं हाय का?" मी सातवीत वर्गात पहिली आले तेव्हा आई मला घेऊन त्यांच्याकडे पेढे द्यायला गेली. पेढा तोंडात टाकून मास्तर म्हणाले, "पयली आलीस? लई बेस. सांदोरला किती भाषा येत हुत्या, माहीत हाय?" दिलेला पेढा परत मागता आला असता तर मी मागितला असता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. त्यांचं खरं नाव दस्तगीर, पण ते फक्त पोस्टमनला माहीत होतं. दुकान आमच्या घरासमोर. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि पुढ्यात पेठेच्या फुटबॉल टीमच्या जर्सी. कोल्हापुरात फुटबॉल काय चीज आहे हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. पेठ हरली तर त्या दिवशी आमच्या गल्लीत भाकरी तशाच शिल्लक राहायच्या. मास्तर तरुणपणी स्वतः खेळायचे. गुडघा गेला आणि खेळ सुटला. त्याच सुमारास जगात हंगेरीच्या टीमचा बोलबाला होता आणि कुणीतरी त्यांना पेपरातलं एक कात्रण आणून दिलं. सांदोर नावाचा गडी, उडी मारून डोक्यानं गोल करणारा. मास्तरांनी खळ केली, ते कात्रण मापाच्या वहीत चिकटवलं, आणि मापं बिचारी सिगारेटच्या पाकिटांवर गेली ती कायमचीच.

पुढं जिथं सांदोर हे नाव दिसेल तो कागद वहीत. रद्दीवाला त्यांच्यासाठी कागद बाजूला काढून ठेवायचा, गिऱ्हाइकं आणून द्यायची. एका कात्रणात सांदोर कविता लिहायचा. एकात तो मजल-दरमजल करत हिंदुस्थानाकडं आला आणि तिबेटी भाषेचा शब्दकोश करून बसला. एकात तो लोकांच्या मनाची दुखणी बरी करायचा. मास्तरांना यात काही वावगं दिसलं नाही. प्रत्येक कात्रणात सांदोरला चिकटून एक वेगळाच शब्द असायचा. त्याचाही उलगडा त्यांनी केला होता. "ते गावाचं नाव असंल की. गडी एका जागी कुठं ऱ्हातोय?" आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण आमच्या पेठेत आडनाव कुणाला ठाऊक होतं? तालमीतला गणपा, नाक्यावरचा बापू. नाव एक तर माणूस एक. दुसरा गणपा निघालाच तर आठ दिवसांत त्याला टोपणनाव पडायचं.

खोटं कशाला बोलू, या भानगडीत माझाही हात होता. इंग्रजी कात्रणं वाचून दाखवायचं काम माझ्याकडं. आठवीतलं माझं इंग्रजी ते काय! अडलं की मी पुढची ओळ धरायची, आणि सालं तर सगळीच गाळायची. ते मनाच्या डॉक्टरचं कात्रण वाचल्यावर मास्तरांनी विचारलं होतं, "ह्यो आपलाच का गं?" मी वेणी मागं टाकून ऐटीत म्हटलं, "आपलाच की चाचा!" मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "काय माणूस हाय का कोण हाय ह्यो!"

हे सगळं भोगलं ते सिकंदरनं. मास्तरांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून वर्षानं लहान. पहाटे उठून त्यानं कळंब्याच्या तळ्यापर्यंत चालत जाऊन यायचं. कुरकुर केली की मास्तर म्हणायचे, "त्यो हिंदुस्थानापत्तोर आला. तुला कळंबा लांब पडतंय व्हय रं?" आल्यावर फुटबॉल, मग शाळा, संध्याकाळी अभ्यास. शुक्रवारी नमाजानंतर एक कविता करून दाखवायची. सिकंदरच्या प्रत्येक कवितेत एक म्हैस असायची आणि ती पंचगंगेत डुंबायची. मैदानावर चेंडू अंगावर आला की हा डोळे मिटायचा. मास्तर मारायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत. नुसते वही उघडून बसायचे. पोराला ते जास्त लागायचं.

त्याचा जीव होता फाउंड्रीत. उद्यमनगरात त्याच्या ओळखीचा एक मिस्त्री होता. त्याच्याजवळ जाऊन हा काळ्या वाळूचे साचे करायचा, रसरशीत लोखंड ओतताना बघत बसायचा. तिथं त्यानं स्वतःच्या हातानं पहिली वस्तू केली ती बापासाठी. कापताना कापड सरकू नये म्हणून वर ठेवायचं लोखंडी वजन, पेरूएवढं, धरायला वर कडी. काय चेहरा फुलला होता त्याचा ते देताना! मास्तरांनी ते हातावर तोललं, फिरवून पाहिलं. "बरं हाय," ते म्हणाले. "पर सांदोरनं कवा लोखंड ओतलं न्हाई." आणि वजन फळीखाली चिंध्यांत ठेवून दिलं. मी तिथंच उभी होते. त्या वेळी मला मास्तरांचा असा राग आला की दोन दिवस मी कात्रण वाचायला गेले नाही.

मी कॉलेजात गेले आणि लायब्ररीत एक जाडजूड ज्ञानकोश हाताला लागला. म्हटलं, बघू तरी आपला सांदोर. बघते तर काय, कवी तरुणपणीच लढाईत गेलेला. तो जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर फुटबॉलवाला जन्मलेला. शब्दकोशवाला आणखी वेगळा, डॉक्टर आणखी वेगळा. चौघांची चार आडनावं, आणि हंगेरीत आडनाव आपल्या हजेरीपटासारखं आधी लिहितात. मास्तरांची सगळी गावं म्हणजे ही आडनावं होती. मी कोश धाडकन मिटला. 'आपलाच की चाचा' म्हणणारी बया ती मीच!

पण सांगायचं कसं? त्या एका माणसावर मास्तरांनी वीस वर्षं जीव लावला होता. गुडघा गेल्यावर त्यांच्याकडं दुसरं होतं काय? मी उद्या सांगू, परवा सांगू करत राहिले. तेवढ्यात सिकंदर मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखा कळंब्याला चालत गेला आणि परत आलाच नाही.

दुपारपर्यंत सगळी पेठ रस्त्यावर. तालमीतले गडी तळ्याच्या काठानं फिरून आले. तळं म्हटलं की सगळ्यांच्या मनात एकच. चाची, म्हणजे सिकंदरची आई, उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची. मास्तर दुकानात टेप गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. मी देवापुढं कबूल केलं की हा पोरगा परत येऊ दे, मी सगळं खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरुंदवाडचा एक भाजीवाला दुकानापुढं थांबला. "मास्तर, तुमचं पोरगं आत्याच्या घरी हाय. खुशाल हाय. पर म्हागारी येत न्हाई म्हणतंय." चाचीनं पदर तोंडात धरला आणि हमसून हमसून रडली. माझी आई रडली, मी रडले, भाजीवाला बिचारा कावराबावरा झाला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं.

दुपारी मी दुकानात गेले आणि एका दमात सगळं ओकले. चौघं आहेत, निरनिराळे आहेत, मी वाचताना सालं गाळली, चूक माझी आहे. वर घाबरून एक जादाची माहितीही देऊन टाकली. "आणि चाचा, सांदोर म्हणजे आपला सिकंदर. एकच नाव, त्यांच्याकडं तसं म्हणतात."

मास्तरांनी मशीनवरचा पाय काढला.

"म्हंजे गोल मारणाऱ्यानं कविता न्हाई केली?"

"नाही, चाचा."

"आन् कवितावाला चालत न्हाई आला?"

"नाही. ज्यानं त्यानं आपापलं एकच काम केलं."

मास्तर वही ओढून एकेक पान उलटायला लागले. आता हा माणूस खचला, असं समजून मी रडायच्या बेतात होते. तर त्यांचे खांदे हलायला लागले. बघते तर मास्तर हसत होते! हसता हसता डोळे पुसत होते. "आयला, बरं झालं की गं पोरी! वीस वरसं ह्या गड्याला भिऊन जगलो मी. रोज रातच्याला वाटायचं, त्यानं एवढं केलं, आन् दस्तगीर, तू काय केलंस? नुसती शिलाई! तर त्यो गडीच न्हवता व्हय?" मग एकदम हसू थांबलं. "आन् मी पोराला कुणाच्या मापानं धरलं, सुमे?"

त्यांनी फळीखालच्या चिंध्या उपसल्या, ते लोखंडी वजन काढलं, सदऱ्याला पुसलं, पिशवीत टाकलं आणि मशीनवर अर्धी जर्सी तशीच ठेवून एस.टी. स्टँडकडं लंगडत निघाले. चपला बदलायच्याही राहिल्या. दोन्ही पायांत दोन निरनिराळ्या होत्या.

कुरुंदवाडला काय झालं ते सिकंदरनं मला पुढं सांगितलं. हा आत्याच्या परसात बसलेला. मास्तर शेजारी येऊन बसले, वजन दोघांच्या मध्ये ठेवलं आणि म्हणाले, "बाळा, मापात चूक झाली बघ. चार माणसांचं कापड तुझ्या एकल्याच्या अंगावर चढवलं मी. शिंपी असून मला कळलं न्हाई. चल घरी. उद्या मिस्त्रीकडं मी सोता तुला घिऊन जातो." सिकंदर म्हणाला, "सुमाताई, अब्बा रागावतील म्हणून मी तयारीत होतो. माफी मागतील अशी तयारीच नव्हती की गं." हे सांगताना तो मिशीवाला बाप्या माझ्यापुढं मुसमुसत होता.

त्यानंतर दुकानात सांदोरचं नाव निघायचं, पण ते वेगळं. कुणी काही करून आलं की मास्तर चौघांची चार कामं सांगून विचारायचे, "ह्यातलं तुझं कंचं?" आणि उत्तर आलं की, "मग तेवढंच चोख कर की. बाकीचं करायला बाकीची हाईत." माझ्या लग्नात माझं पोलकं त्यांनी शिवलं आणि काही केल्या शिलाई घेतली नाही. निघताना म्हणाले, "तू वाचून दावलंस म्हणून घोळ झाला, आन् तूच वाचून दावलंस म्हणून सुटलो. फिटलं, जा."

मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा मी सासरी होते. मातीला पोचू शकले नाही, ही हळहळ अजून आहे. महिन्याभरानं गेले तर दुकानात सिकंदर बसलेला. एव्हाना त्याची स्वतःची लहानशी फाउंड्री झाली होती. त्यानं ती वही माझ्यापुढं ठेवली. वर तेच लोखंडी वजन. कडी हात लागून लागून गुळगुळीत झालेली.

मास्तरांनी सगळी कात्रणं सोडवून पुन्हा चिकटवली होती. चौघांची चार पानं, आणि वर त्यांच्या शिंप्याच्या अक्षरात एकेक ओळ. पहिला सांदोर, गोल मारला. दुसरा सांदोर, कविता केल्या. तिसरा, शब्द गोळा केले. चौथा, मनाची दुखणी बरी केली. मी वही मिटायला गेले तर सिकंदर म्हणाला, "आणि एक पान हाय."

त्या पानावर कात्रण नव्हतं. फाउंड्रीच्या दारात उभ्या सिकंदरचा एक फोटो होता, खळीनं नीट चारी कोपरे दाबलेला. वर लिहिलं होतं: पाचवा सांदोर, कोल्हापूर. लोखंड ओततो. एकच काम, पर बापाला अभिमान हाय.